डुक्कर : शिवीत, पडद्यावर आणि ताटात

मराठी भाषेत डुकराला जागा कमी नाही. शिवीत ते आहे. दशावतारात तिसऱ्या क्रमांकावर वराह होऊन ते पृथ्वी उचलते. आमच्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन किंवा तूर पेरणाऱ्या कुणालाही विचारा, रोही आणि रानडुक्कर या दोन शब्दांशिवाय त्याच्या हंगामाची गोष्ट पुरी होत नाही. सरकारी कागदावर त्याचे नाव पुन्हा संस्कृत होते. 2021 साली सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात ‘वराहपालना’च्या प्रकल्पाला 50 टक्के, जास्तीत जास्त 30 लाख रुपये अनुदान आहे. गाजलेल्या एका मराठी चित्रपटाचे तर नावच डुक्कर आहे. शोधावे लागते ते एकाच ठिकाणी : स्वयंपाकाच्या पुस्तकात.

अकोला–पूर्णा लोहमार्गावरच्या जऊळक्यासारख्या गावात डुकराचे मटण शिजतच नाही, असे नाही. पाव्हणे आले, पोराला नोकरी लागली, पुण्याला गेलेला भाऊ सणाला घरी आला, की काही घरांत ते हमखास शिजते. मग ते लिहिले का जात नाही? ‘पुस्तके लिहिणारे वरच्या जातींचे, म्हणून त्यांनी ते गाळले’ हे उत्तर खरे आहे, पण तेवढ्यावर थांबले की पुढचे दिसत नाही. कारण गेल्या काही दशकांत ते न गाळणारे लेखक आणि दिग्दर्शकही मराठीत आले आहेत. त्यांच्याकडेही हा पदार्थ साध्या पाककृतीच्या रूपात सहसा भेटत नाही. म्हणून मी प्रश्न थोडा बदलून घेतला. पाककृती ही मुळात आज्ञार्थात लिहिलेली गोष्ट असते : चिरा, लावा, परता. ती कुणाला तरी उद्देशून असते. डुकराच्या मांसाविषयी आपल्याकडे जे लिहिले आणि दाखवले गेले, ते कुणाला उद्देशून आहे, हे या लेखात तपासायचे आहे.

राजाला उद्देशून

सुरुवात जुन्या पुराव्यापासून करू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ साधारण 1129 च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेले. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, असे शंभर अध्याय. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला त्याचा पहिला खंड 1925 साली निघाला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो मुख्यतः त्यातल्या जुन्या मराठी पद्याच्या नमुन्यांमुळे. पण त्यातल्या ‘अन्नभोग’ या प्रकरणात डुकराचे मांस भाजण्याची सविस्तर रीत आहे. केस काढण्याच्या दोन पद्धती दिल्या आहेत : एक, अंगावर पांढरे कापड टाकून वरून उकळते पाणी ओतायचे, दुसरी, मातीचा लेप देऊन गवताच्या जाळावर धरायचे. मग धुणे, भाजणे, तुकडे करणे, मीठ-मसाला आणि आंबट यांची जोड. त्या पदार्थाला ‘सुंठक’ असे नावही आहे.

गवताच्या जाळावर केस जाळण्याची रीत आजही गावोगाव आहे. नऊशे वर्षांत तिच्यात फारसा फरक पडलेला नाही. फरक पडला तो ती करणाऱ्याच्या जागेत. मात्र या पुराव्याचा एक सोपा उपयोग मला टाळायचा आहे. ‘बघा, राजेसुद्धा खात होते’ असे म्हणून आजच्या घराला मान मिळवून देणे म्हणजे ताटाला पुन्हा राजाचीच शिफारस मागणे होय. सोमेश्वराचा ग्रंथ पाककृतीपेक्षा भोगाची यादी अधिक आहे. तो खाणाऱ्याला उद्देशून आहे. गवत पेटवणारा आणि मांस कापणारा माणूस त्यात हातापुरता आहे. त्याच्या घरी संध्याकाळी काय शिजले, हे ग्रंथ विचारत नाही.

सुनेला उद्देशून

विसाव्या शतकातले मराठी पाकपुस्तक या बाबतीत फार मोठी झेप घेते. ते खाणाऱ्याकडून करणारीकडे वळते. 1970 साली आलेले कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ हे त्याचे सर्वांत यशस्वी उदाहरण. वाटी आणि चमचा ही घरात असलेलीच मापे घेऊन, नव्याने संसार मांडलेल्या मुलीला शेजारी उभे राहून सांगावे तसे ते सांगते. सासू किंवा आई जवळ नसलेल्या, बदलीच्या गावी राहणाऱ्या कितीतरी घरांचा स्वयंपाक या पुस्तकाने उभा केला. हे काम लहान नव्हे.

पण जिच्याशी पुस्तक बोलते ती बाई कोण, हे या परंपरेत आधीच ठरलेले असते. तिच्याकडे ओटा आहे, मापाची वाटी आहे, डब्यात सगळे मसाले एकाच वेळी आहेत. ‘साहित्य’ या शीर्षकाखाली जी यादी येते, ती सगळी यादी जमवता येणे ही एक आर्थिक स्थिती आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. आणि या बाईच्या घरी डुकराचे मटण शिजत नाही, हेही गृहीत असते. त्यासाठी कुणी बंदी घालावी लागत नाही. ‘आपल्याकडे’ हा एक शब्द पुरतो.

अपवाद एकच, आणि तो बोलका आहे. नियतकालिकांच्या पाककृतींच्या पानांवर डुकराचे मांस मी वाचले आहे ते गोव्याच्या नावाने : सोरपोतेल, विंदालू. विंदालू हा शब्द पोर्तुगीज ‘विन्या द आल्युश’ यापासून आलेला, म्हणजे दारू किंवा शिरका आणि लसूण. त्यात ‘आलू’ नाही. तरी उत्तरेकडच्या हॉटेलांनी शब्दावर विश्वास ठेवून त्यात बटाटे घातले. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत डुकराचा अखंड तुकडा मिरी, दालचिनी, लवंग, आले-लसूण आणि शिरका लावून जाड बुडाच्या भांड्यात मंद भाजतात आणि काप करून पाहुण्यांना वाढतात. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांत तोच मान बॉटल मसाल्यातल्या डुकराला आहे. तिथे हा पदार्थ नाताळचा, लग्नाचा, घरच्या मोठ्या जेवणाचा आहे, आणि तो तसाच अभिमानाने लिहिला गेला. मराठी वाचकाने तो आनंदाने वाचला. म्हणजे हरकत प्राण्याला नव्हती. तो प्राणी कोणत्या वस्तीतून येतो, याला होती. समुद्राकडून आला की ‘खाद्यसंस्कृती’, गावकुसाबाहेरून आला की गप्प.

प्रेक्षकाला उद्देशून

ही शांतता मोडली ती दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या लेखनाने. ‘बलुतं’ (1978), ‘उपरा’ (1980), ‘उचल्या’ (1987) या आत्मकथनांनी मराठी ताटाची दुसरी बाजू दाखवली. त्यांच्या केंद्रस्थानी भूक आहे, आणि ती असायलाच हवी होती. पण भुकेच्या गोष्टीत चवीला जागा थोडी उरते. काय खावे लागले, हे आपण वाचले. काय आवडीने केले, चार दिवस आधी ठरवून केले, हे कमी वाचले.

डुकराच्या बाबतीत याचे सर्वांत ठळक उदाहरण नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013). शीर्षकाचा अर्थच कैकाडी बोलीत डुक्कर. जब्याचा बाप कचरू, आई, बहिणी आणि स्वतः जब्या डुकरामागे धावतात, आणि शाळेतली मुले, जब्याला आवडणारी शालूसुद्धा, तो तमाशा पाहतात. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सगळे कुटुंब जागच्या जागी थांबते. पुढे पकडलेले डुक्कर काठीला बांधून, महापुरुषांची चित्रे रंगवलेल्या भिंतीवरून नेले जाते. शेवटी चिडवणाऱ्यांवर जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याच्या दिशेने, आपल्या दिशेने येतो. मराठी चित्रपटात याच्याइतका अचूक शेवट क्वचितच झाला असेल.

माझे निरीक्षण एवढेच, की तो दगड येतो तेव्हा डुक्कर अजून वाटेवर असते. चित्रपट चुलीपर्यंत जात नाही. हा दिग्दर्शकाचा दोष नाही. त्याला जे सांगायचे होते ते वाटेवरच घडते. तो चित्रपट पाहणाऱ्याला उद्देशून आहे, त्याला शरम वाटावी म्हणून आहे. पण परिणाम असा झाला, की ज्या मराठी प्रेक्षकाने डुक्कर प्रथमच इतक्या जवळून पाहिले, त्याच्या मनात ते अपमानाचे ओझे म्हणून राहिले. त्याच डुकराभोवती एखाद्या संध्याकाळी घर जमते, पोरे कडक कातडीच्या तुकड्यासाठी भांडतात, ही दुसरी गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही.

न खाणाऱ्याला उद्देशून

ती सांगण्याचे काम शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकाने अंगावर घेतले. 2015 साली आलेले हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याविषयी आहे. जेवणाआधी घरोघर म्हटले जाणारे ‘पूर्णब्रह्म’ शीर्षकातच अपूर्ण करून त्यांनी आपली भूमिका सांगून टाकली. सात्त्विक, राजस, तामस ही अन्नाची उतरंड आणि माणसांची उतरंड एकच कशी, हे ते दाखवतात. आणि त्याच ओघात पाककृती देतात. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. म्हणजे एका ताटाची नोंद होत होती, त्याच वेळी ते ताट कायद्याने आखडत होते. भूषण कोरगावकर यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ 2024 साली हार्परकॉलिन्सने काढला आणि पुस्तक देशभर पोचले.

पाटोळे यांच्या पुस्तकाचे मोल मी फार मोठे मानतो. मराठीत प्रथमच कुणीतरी लाज आणि चव एकाच पानावर ठेवली. तरीही समीक्षा म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. या पुस्तकाला सतत समोरच्याला समजावून सांगावे लागते. कोण काय खातो, का खातो, धर्मग्रंथ काय म्हणतात, यात निम्मी शक्ती जाते. ‘रुचिरा’ला साबुदाण्याची खिचडी का खातात, हे सांगावे लागत नाही. ती थेट साबुदाणा भिजवायला लावते. पाटोळे यांना मात्र आधी साक्ष द्यावी लागते, मग चूल पेटवता येते. ते पुस्तक मुख्यतः न खाणाऱ्याला उद्देशून आहे. खाणाऱ्यांपैकी ज्यांनी ते लपवले, त्यांना ते धीर देते, हेही खरे. पण ज्या मुलीला आज संध्याकाळी घरच्यांसाठी हे मटण करायचे आहे, तिच्याशी ते दुय्यमपणे बोलते.

पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि सहकाऱ्यांनी 2009 साली केलेले ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ हे संकलन या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते, कारण त्यात दलित स्त्रियांच्या स्वयंपाकघराच्या आठवणी आणि पाककृती आहेत. पण ते इंग्रजीत आहे. ज्या भाषेत त्या बायका स्वयंपाक सांगतात, त्या भाषेत तो छापून येण्याची वाट आपण अजून पाहत आहोत.

सुनेला उद्देशून, पण तोंडी

म्हणून जऊळक्यातल्या एका घरी उतरवून घेतलेली रीत इथे देतो. सांगणाऱ्या मावशी साठीच्या पुढच्या आहेत. त्या मला सांगत नव्हत्या; नव्या सुनेला सांगत होत्या, मी बाजूला वही घेऊन बसलो होतो. सहा माणसांच्या जेवणाला एक किलो.

मटण कातडी आणि चरबीसकट घ्यायचे. तुकडे मोठे ठेवायचे, कारण ते आक्रसतात. लसणाचा एक अख्खा गड्डा, बोटभर आले, आठ-दहा मिरे, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा हे पाट्यावर वाटायचे. हळद, तिखट, मीठ आणि एका लिंबाचा रस घालून ते मटणाला चोळायचे आणि दोन तास झाकून ठेवायचे. लोखंडी कढईत तुकडे चरबीची बाजू खाली करून मांडायचे. तेल नाही. सुनेने तेलाची बरणी उचलली तेव्हा मावशी म्हणाल्या, “तेल कायले टाकतं? त्याचंच सुटते ना.” अर्धी वाटी पाणी घालून वर ताटली झाकायची, ताटलीतही पाणी ठेवायचे, आणि मंद आचेवर दीड तास. मग ताटली काढायची. पाणी आटते, चरबी वर येते, आणि त्या चरबीतच तुकडे कडेने तांबूस होईपर्यंत परतायचे. कातडी चमच्याने वाजवली तर कडक वाजली पाहिजे. वरून सांबार, म्हणजे तुमच्याकडची कोथिंबीर. ज्वारीची भाकर आणि फोडलेला कांदा. उरलेली चरबी गाळून बरणीत. ती पुढे आठवडाभर भाजीच्या फोडणीला.

या तोंडी पाककृतीत इतिहासही आहे. मावशींच्या आईच्या वेळी मीठ, हळद, तिखट आणि लसूण एवढेच पडायचे. मिरी-दालचिनी घरात आली ती रोजगाराच्या पैशाबरोबर, किराण्याच्या पुडीतून. म्हणजे ‘कमी मसाल्याचे गावरान’ म्हणून ज्याचे आज कौतुक होते, ती पुष्कळदा आवड नव्हती, ऐपत होती. आणि मसाला वाढला म्हणजे ‘अस्सलपणा’ गेला, असे म्हणण्याचा अधिकार बाहेरच्याला नाही.

दीड तास शिजवण्याचा आग्रह चवीपुरता नाही. कच्च्या राहिलेल्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म, पोटात जाऊ शकतो, म्हणून ते आतपर्यंत पूर्ण शिजलेच पाहिजे. पण ‘डुक्कर घाण खाते’ हा जो शेवटचा आक्षेप घेतला जातो, त्याचे गणित नीट मांडले पाहिजे. डुकराला हा कृमी होतो तो माणसाच्या उघड्यावरच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्याने. आणि मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा जो आजार सर्वांत भीतीदायक, तो मांस खाल्ल्याने नव्हे, तर तीच अंडी दूषित हात, पाणी किंवा कच्च्या भाजीतून पोटात गेल्याने होतो. म्हणून तो आयुष्यभर मांसाला न शिवलेल्यालाही होऊ शकतो. चक्राची सुरुवात माणसाच्या घाणीपासून आहे. ती साफ करण्याचे काम गावाने ज्यांच्यावर लादले, त्यांच्याच ताटाला घाणेरडे म्हणायचे, हा विज्ञानाचा नव्हे, जातीचा हिशेब आहे.

नाव

वही मिटताना मी मावशींना विचारले, दिवाळी अंकात छापू का? त्या म्हणाल्या, “भाऊ, लिहा, पन आमचं नाव नोका टाकू.” घराचे नाही, आळीचे नाही, जातीचे तर नाहीच. सुनेच्या माहेरी हे कळलेले नाही, मुलाच्या ऑफिसातल्या लोकांना कळायला नको.

‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक 1909 साली निघाला. तेव्हापासूनच्या शंभराहून अधिक दिवाळ्यांत चकली, अनारसे, करंजी यांच्या किती कृती किती बायकांच्या नावानिशी छापल्या गेल्या असतील! पाककृतीखाली नाव येणे हा लहानसाच मान, पण तो लेखिकेचा मान असतो. त्या नावामुळे वाचणारी म्हणते, हे अमुक बाईंच्या हातचे. पाटोळे यांचे पुस्तक येऊन एक दशक झाले, इंग्रजीत त्याचे स्वागत झाले, सरकार वराहपालनाला अनुदान देते. तरी जऊळक्यातल्या एका बाईला आपल्या हातच्या पदार्थाखाली आपले नाव परवडत नाही. माझ्या दृष्टीने या विषयावरच्या सगळ्या लेखनाची, याही लेखाची, मर्यादा तिथे आहे.

राजाला सांगून झाले, प्रेक्षकाला सांगून झाले, न खाणाऱ्याला समजावूनही झाले. आता उरले आहे ते सर्वांत साधे काम : जिला करायचे आहे तिला, मराठीत, मापासकट, खाली करणारीचे नाव घालून सांगणे. ते नाव छापायला संपादकांची तयारी लागेल, पण त्याआधी ते छापून आल्यावर तिच्या घराचे काही बिघडणार नाही असे गाव लागेल. तोवर वरची कृती निनावी आहे. मापे बरोबर आहेत. मी दोनदा करून पाहिली आहे.